अंगावरून जातं ते सगळंच आजाराचं नसतं

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयावरची आहेत: अंगावरून पांढरं जाणं. म्हणून हे सदर पूर्णपणे त्यालाच दिलं आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि कुणाची ओळख पटेल असा मजकूर गाळला आहे.

माझं वय २२. तीन-चार वर्षांपासून जवळजवळ रोज पांढरं जातं. खाज नाही, दुखत नाही. कधी ते पाण्यासारखं पातळ असतं, कधी चिकट. वाळल्यावर पिवळट डाग पडतो आणि काळ्या चड्ड्यांचा तर त्या जागचा रंगच उडाला आहे. कापडाचा रंग उडवणारं काही अंगातून जात असेल तर आतून काही बिघडलं आहे का?

रंग उडतो तो आम्लामुळे, आणि ते आम्ल तिथे असायलाच हवं. पाळी चालू असण्याच्या वयात इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे योनीमार्गाच्या अस्तरात ग्लायकोजेनचा, म्हणजे एका तऱ्हेच्या साखरेचा साठा होतो. तिथे कायमचे वस्तीला असलेले लॅक्टोबॅसिलस जिवाणू त्यावर जगतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्यामुळे तिथला पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) ३.८ ते ४.५ इतका आंबट राहतो. बऱ्याच उपद्रवी जंतूंना तो सोसत नाही. तुमच्या चड्डीच्या रंगालाही सोसत नाही, एवढंच.

पांढरा स्राव हवेत वाळला की पिवळसर दिसतोच. त्यामुळे वाळलेल्या डागावरून काही ठरवू नका, ताजा स्राव पाहा.

हा स्राव येतो तीन ठिकाणांहून: गर्भाशयाच्या तोंडाशी तयार होणारा चिकट श्लेष्मा, योनीच्या भिंतींतून पाझरणारं पाणी आणि अस्तराच्या झडलेल्या पेशी. सगळं मिळून दिवसाला साधारण १ ते ४ मिलिलिटर. म्हणजे ५ मिलिलिटरचा औषधाचा चमचाही भरत नाही. पण तेवढं कापडावर पसरलं की खूप वाटतं.

कधी पातळ, कधी चिकट हा फरक महिन्याच्या चक्राचा आहे. पाळी संपल्यावर काही दिवस कोरडं वाटतं. मग थोडा पांढरट, चिकट स्राव सुरू होतो. २८ दिवसांचं चक्र असेल तर साधारण अकराव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास तो भरपूर, पारदर्शक आणि कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्या भागासारखा होतो. दोन बोटांत धरून ताणला तर त्याची तार निघते. स्त्रीबीज बाहेर पडण्याचे हे दिवस. त्यानंतर प्रोजेस्टेरॉन हे दुसरं संप्रेरक वाढतं आणि स्राव पुन्हा दाट, कमी आणि दुधाळ होतो. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांमध्ये स्त्रीबीज बाहेर पडणंच थांबलेलं असतं, त्यामुळे हा चढउतार फारसा दिसत नाही. तांबी बसवल्यावर काहींना स्राव आधीपेक्षा जास्त जातो. लैंगिक उत्तेजनेच्या वेळी येणारा ओलावा वेगळा. तो थोड्या वेळात थांबतो.

दोन महिने कॅलेंडरवर एकेका शब्दाची नोंद ठेवा: कोरडं, चिकट, तार, दाट. तुमचं नेहमीचं काय ते कळेल, आणि पुढे तुलना त्याच्याशीच करायची, मैत्रिणीच्या नेहमीच्याशी नाही. या नेहमीच्यात अचानक फरक पडला, किंवा जोडीला खाज, आग, घाण वास, ओटीपोटात दुखणं, लघवीला जळजळ, संबंधांच्या वेळी दुखणं, पाळी नसताना रक्ताचा अंश यांपैकी काही आलं, तर तपासून घ्या. नुसतं प्रमाण जास्त असणं हा आजार नव्हे.

वय ३१. वर्षात तिसऱ्यांदा खाज सुटली आहे. फाटलेल्या दुधातल्या गुठळ्यांसारखं पांढरं जातं, लघवी करताना बाहेरच्या त्वचेला झोंबतं. दुकानातून ट्यूब आणून लावते, चार दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच.

वर्णन बुरशीच्या, म्हणजे कॅन्डिडाच्या संसर्गाचं आहे. गुठळ्यांचा स्राव, तीव्र खाज, सूज, लाली आणि वास जवळजवळ नाही. पण हे अजून आपण वर्णनावरूनच म्हणतो आहोत, आणि बुरशीचा अंदाज बायकांकडूनच काय, नुसतं पाहून सांगणाऱ्या डॉक्टरांकडूनही बरेचदा चुकतो. तिसरी खेप असेल तर पुढची ट्यूब आणण्याआधी स्रावाचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला द्या, आणि बुरशीचं कल्चर, म्हणजे नमुन्यातली बुरशी वाढवून ती कोणती ते पाहणं, करायला सांगा.

चार दिवसांत बरं वाटून परत येण्याची कारणं बहुधा यांतली असतात. एक, मलम फक्त बाहेर लावलं जातं आणि संसर्ग आत असतो. दोन, खाज थांबली की औषध सोडलं जातं. तीन, ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधासोबत क्लोबेटासोलसारखं जोरकस स्टेरॉइड मिसळलेलं असतं. स्टेरॉइडने खाज एका दिवसात दबते, पण बुरशीला रान मोकळं मिळतं, आणि ते महिनोन् महिने लावत राहिलं तर त्वचा पातळ होते. ट्यूबवर लिहिलेली घटकद्रव्यं वाचा. 'सोल' किंवा 'सोन' असा शेवट असलेलं नाव दिसलं तर विचारून घ्या. (क्लोट्रिमॅझोलचा शेवटही 'झोल' असा ऐकू येतो, ते मात्र बुरशीचंच औषध आहे. नावांचा हा घोळ आम्ही केलेला नाही!)

नेहमीच्या साध्या संसर्गाला क्लोट्रिमॅझोलची योनीत ठेवायची गोळी पुरते: १०० मिलिग्रॅमची ७ रात्री, किंवा २०० मिलिग्रॅमची ३ रात्री, किंवा ५०० मिलिग्रॅमची एकदाच. रात्री झोपताना, पाठीवर निजून, जाईल तितकी आत. सकाळी पांढरा चुरा बाहेर येतो, तो औषधाचाच. दुसरा मार्ग म्हणजे फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅमची एक गोळी तोंडाने. ती गरोदरपणात घ्यायची नाही, आणि दुसरी काही औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगायचं. बुरशीची मलमं आणि योनीतल्या गोळ्या बहुतेक तेलकट असतात, त्यांनी लेटेक्सचा निरोध कमजोर होतो, तेवढे दिवस त्यावर भरवसा नको.

वर्षात तीन किंवा जास्त खेपा आल्या तर त्याला वारंवारचा संसर्ग म्हणतात, आणि त्याची रीत वेगळी. फ्लुकोनॅझोल दर तिसऱ्या दिवशी एक असे ३ डोस, मग आठवड्याला एक गोळी, ६ महिने. हे स्वतःहून सुरू करायचं नाही, कारण सगळ्या बुरशी फ्लुकोनॅझोलला जुमानत नाहीत. ग्लॅब्राटा ही त्यातली एक हट्टी जात. रक्तातली साखर नक्की तपासा. मधुमेह कधी कधी पहिल्यांदा इथेच कळतो. मधुमेहासाठी लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या, म्हणजे डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे चालू असतील तर तेही सांगा. नुकत्याच घेतलेल्या अँटिबायोटिक्सनेही चांगले जिवाणू मरतात आणि बुरशी फोफावते. नवऱ्याला त्रास नसेल तर त्याला औषध देण्याची गरज सहसा नसते.

वय २८. खाज अजिबात नाही, पण वास येतो, मासळीसारखा. संबंध आल्यानंतर आणि पाळी संपताना जास्त. स्वच्छतेत कमी पडते असं वाटून दिवसातून तीनदा साबणाने आतून धुते, तरी वाढतच चाललं आहे.

धुण्यामुळेच वाढतं आहे. हा बॅक्टेरियल व्हजायनोसिस दिसतो. यात बाहेरून एखादा नवा जंतू शिरलेला नसतो. लॅक्टोबॅसिलस कमी होतात आणि गार्डनेरेलासारखे एरवी मोजके असणारे जिवाणू माजतात. पीएच ४.५ च्या वर जातो, स्राव राखाडी-पांढरा, पातळ आणि भिंतींना सारखा लिंपल्यासारखा होतो. साबण आणि पिचकारी नेमकं हेच करतात: उरलेसुरले लॅक्टोबॅसिलस आणि त्यांचं आम्ल धुऊन टाकतात.

वास संबंधांनंतर का वाढतो? या जिवाणूंनी तयार केलेली अमाइन्स नावाची वासाची रसायनं आम्लात दबून राहतात. वीर्य आणि रक्त दोन्ही आम्लाच्या उलट बाजूची. ती मिसळली की अमाइन्स वायू होऊन उडतात, आणि वास भपकन येतो. प्रयोगशाळेत हीच खूण मुद्दाम काढतात: स्रावावर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून वास घेतात.

उपाय मेट्रोनिडॅझोल ५०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, ७ दिवस. तोंडाला धातूसारखी चव येते, मळमळतं, म्हणून पोटात काही असताना घ्या. पोटाला झेपत नसेल तर ०.७५ टक्के मेट्रोनिडॅझोल जेल ५ रात्री, किंवा २ टक्के क्लिंडामायसिन क्रीम ७ रात्री योनीत वापरतात. हे क्रीमही तेलकट असतं. ते थांबवल्यावर ५ दिवस लेटेक्सचा निरोध भरवशाचा राहत नाही. वास तिसऱ्या दिवशी गेला तरी कोर्स पुरा करा.

हा त्रास परत येण्यात पटाईत आहे; बऱ्या झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक बायकांना तो वर्षभरात पुन्हा होतो. पूर्वी जोडीदाराला औषध देऊन उपयोग नाही असं मानत. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासाने ते चित्र बदललं. तिथे जोडीदार पुरुषालाही ७ दिवस मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या आणि लिंगाच्या त्वचेवर लावायला क्लिंडामायसिन क्रीम दिलं, तेव्हा १२ आठवड्यांत त्रास परत येण्याचं प्रमाण ३५ टक्के राहिलं. फक्त बाईला औषध दिलेल्या गटात ते ६३ टक्के होतं. तुमचा त्रास पुन्हा आला तर हा विषय डॉक्टरांकडे काढा.

आणि धुण्याबद्दल: बाहेरचा भाग दिवसातून एकदा-दोनदा साध्या पाण्याने, पुढून मागे. आत काहीही नको. 'पीएच राखणारी' द्रावणं, सुगंधी पुसण्या, फवारे, यांपैकी कशाचीही योनीला गरज नाही. ती स्वतःला धुते. तुम्हाला दिसतो तो स्राव म्हणजे तीच धुलाई.

वय ३५. हिरवट, फेसाळ स्राव आणि आग होत होती. तपासणीत ट्रायकोमोनास निघाला. डॉक्टरांनी नवऱ्यालाही गोळ्या दिल्या. त्याला काहीच त्रास नाही आणि आता घरात संशयाचं वातावरण आहे. हे कुणाकडून आलं?

तपासणी याचं उत्तर देत नाही, आणि तिच्यावरून भांडू नका. ट्रायकोमोनास हा शरीरसंबंधांतून पसरणारा एकपेशीय परजीवी आहे. पुरुषांना बहुधा काही जाणवत नाही, बऱ्याच बायकांनाही नाही. तो महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो. तो आज सापडला याचा अर्थ एवढाच, की तुमच्यापैकी एकाला तो कधीतरी झाला होता, कदाचित तुमच्या लग्नाच्या आधीही.

आधी बरं होणं. तुम्हाला मेट्रोनिडॅझोल ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा ७ दिवस, नवऱ्याला बहुधा २ ग्रॅमचा एकच डोस. दोघांनी एकाच वेळी घ्यायचं. मागेपुढे घेतलं तर एकाचा संसर्ग दुसऱ्याला परत मिळतो. दोघांचं औषध संपून त्रास जाईपर्यंत संबंध नकोत. ३ महिन्यांच्या आत तुमची पुन्हा तपासणी करा. याच निमित्ताने क्लॅमिडिया, गनोरिया, सिफिलिस आणि एचआयव्हीच्या तपासण्या दोघांच्याही करून घ्या. पहिल्या दोन आजारांत बाईला बहुतेकदा काहीच जाणवत नाही, आणि गर्भनलिका मात्र आतून खराब होत राहतात.

सातवा महिना चालू आहे. आधीपासून स्राव वाढला होता, पण कालपासून पाण्यासारखं जातं आणि पॅड भिजतो.

हे वाचत असाल तर आधी दवाखान्यात जा. उरलेलं नंतर वाचा.

गरोदरपणात इस्ट्रोजेन आणि रक्तपुरवठा वाढल्याने पांढरा, दुधाळ, बिनवासाचा स्राव वाढतो, तो नेहमीचाच. पण पाण्यासारखं सतत झिरपणं म्हणजे बाळाभोवतीची पाण्याची पिशवी फुटलेली असू शकते. ३७ आठवड्यांच्या आत तसं झालं तर संसर्गाचा आणि वेळेआधी बाळंतपणाचा धोका असतो. ते लघवीचं पाणी आहे की पिशवीचं, हे घरी ठरवत बसू नका. स्वच्छ पॅड लावा आणि तो तसाच सोबत न्या. रंग पाहायला उपयोगी पडतो. योनीत काही घालू नका, संबंध नकोत. पाणी हिरवट किंवा तपकिरी असेल, ताप असेल, रक्त जात असेल, थांबून थांबून पोट कडक होत असेल किंवा बाळाची हालचाल कमी वाटत असेल तर क्षणाचाही उशीर नको.

इतर गरोदर वाचकांनी खाज आणि गुठळ्यांबद्दल विचारलं आहे: गरोदरपणात क्लोट्रिमॅझोल योनीतून, ७ रात्री, डॉक्टरांना विचारून.

पाळी जाऊन आठ वर्षं झाली. वय ५८. पंधरा दिवसांपासून अधूनमधून गुलाबी पाण्यासारखं जातं. दुखत नाही म्हणून थांबले आहे.

दुखत नाही हे थांबण्याचं कारण नाही. पाळी पूर्ण थांबून १२ महिने झाल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला, गुलाबी किंवा तपकिरी जरी असला, तरी तपासणी हवी. अशा दहा बायकांत साधारण एकीला गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग निघतो. उरलेल्या नऊ जणींत बहुधा कोरडं, पातळ झालेलं अस्तर किंवा एखादा मोड, म्हणजे अस्तराची साधी वाढ (पॉलिप), असतो. लवकर सापडलेला हा कर्करोग बहुतेकदा शस्त्रक्रियेने बरा होतो.

डॉक्टर आधी डोळ्यांनी गर्भाशयाचं तोंड पाहतील. योनीतून सोनोग्राफी करून अस्तराची जाडी मोजतात. ४ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर अस्तराचा तुकडा तपासायला घेतात. जाडी कमी आली पण रक्त पुन्हा गेलं, तरी तुकडा तपासून घ्यायचा. गर्भाशयमुखाच्या कर्करोगातही रक्तमिश्रित, घाण वासाचा, पाण्यासारखा स्राव जातो, म्हणून पॅप किंवा एचपीव्ही चाचणी राहिली असेल तर तीही होऊ द्या. नुसता कोरडेपणा निघाला तर योनीत ठेवायच्या कमी मात्रेच्या इस्ट्रोजेनने चांगला गुण येतो, पण तो तपासणीनंतरचा उपाय.

मुलगी अकरा वर्षांची आहे. पाळी आलेली नाही, पण चड्डीवर पांढरं दिसतं. धाकटी पाच वर्षांची, तिलाही आठवडाभर पिवळट जातं.

थोरलीचं ठीक आहे. पहिल्या पाळीच्या साधारण सहा महिने ते वर्षभर आधी असा स्राव सुरू होतो. तिला आताच सांगून ठेवा, म्हणजे ती घाबरणार नाही.

धाकटीचं मात्र दाखवा. या वयात इस्ट्रोजेन जवळजवळ नसतं, त्यामुळे स्राव अपेक्षित नाही. बहुधा नीट पुसलं न जाणं, साबणाचा फेस, घट्ट कपडे हेच कारण निघतं. रात्री गुदद्वाराशी खाज येत असेल तर कृमी. स्रावाला घाण वास किंवा रक्त असेल तर कागदाचा बोळा, मणी असं काही आत गेलेलं असू शकतं. स्वतः काढायला जाऊ नका. कुणी तिथे हात लावला का, हेही शांतपणे, न दटावता विचारायला हवं. डॉक्टरही विचारतील, त्याचा राग मानू नका. मोठ्यांची योनीतली गोळी लहान मुलीला कधीही वापरायची नाही.

पांढरं जाऊन अशक्तपणा येतो, कंबर दुखते, असं म्हणतात. खरं का? (बऱ्याच जणींचा प्रश्न)

नाही. दिवसाला चमचाभरही नसलेलं, बहुतांश पाणीच असलेलं काही गेल्याने ताकद जात नाही. थकवा येत असेल तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासा. पण ओटीपोटात दुखणं, ताप आणि पू असल्यासारखा स्राव एकत्र आले तर तो गर्भाशय आणि नलिकांचा संसर्ग असू शकतो. त्यात उशीर झाला तर पुढे मूल राहायला अडचण येते, म्हणून त्याच दिवशी दाखवा.

तपासणीची भीती वाटते. तयारी काय करायची?

शक्यतो पाळीचे दिवस टाळा; मात्र रक्त जाण्याचीच तक्रार असेल तर थांबू नका. आधीचे २४ ते ४८ तास संबंध नकोत, योनीत औषध नको, आतून धुणं नको. त्याने नमुना बिघडतो. शेवटच्या पाळीची तारीख, त्रास कधी सुरू झाला, याआधी कोणती औषधं किती दिवस घेतली, हे लिहून न्या. वापरलेल्या ट्यूबा आणि गोळ्यांची पाकिटंही न्या. टॅम्पॉन (पाळीत योनीत ठेवायचा बोळा) आत राहिल्याची शंका असेल तर न लाजता सांगा. फार घाण वासाचं ते एक साधं कारण असतं, आणि तो काढला की प्रश्न मिटतो.

तपासणी काही मिनिटांची असते. स्पेक्युलम नावाचं उपकरण घालून योनीमार्ग उघडून पाहतात, कापसाच्या काडीने स्राव घेतात, पीएचचा कागद लावतात. शरीरसंबंध आलेले नसतील तर आधीच सांगा; मग बाहेरूनच किंवा फक्त बारीक काडीने नमुना घेतात, आणि काही चाचण्यांसाठी तो नमुना तुम्ही स्वतःही घेऊ शकता. सोबत कुणी बाई हवी असेल तर मागा. स्नायू आवळले गेले की जास्त दुखतं, म्हणून स्पेक्युलम घालताना श्वास सावकाश सोडा. तरी दुखलं तर 'थांबा' म्हणा, डॉक्टरांनी थांबायलाच हवं.